बारा सेकंदांत ओळखू येईल तोच सिनेमा

नमस्कार. जालन्याच्या अलीकडे समृद्धी महामार्गाजवळ तुमची सहा एकर जमीन आहे, तिथे छोटं अम्युझमेंट पार्क काढायचं आहे आणि त्यात सिनेमांवरची एक बंद राइड बसवायची आहे. त्यासाठी 2010 नंतरचे पाच-सहा चित्रपट कोणते घ्यावेत, असं तुम्ही विचारलंत. सोबत तुमची यादीही दिलीत: सैराट, बाहुबली, तुंबाड, पावनखिंड, बाईपण भारी देवा. वाचून फार बरं वाटलं. आपल्याकडची माणसं अशी राइड बघायला खोपोलीला जातात नाहीतर हैदराबादला. मराठवाड्यात कुणीतरी हे मनावर घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. अंधाऱ्या शेडमधून रुळांवर डबे फिरतात आणि दोन्ही बाजूंना सीन लागतात, तशा राइडींचे सीन उभे करण्याचं काम मी वीसेक वर्षं करतोय. पुतळे, हवेवर चालणारे हात-पाय, दिवे, आवाज, सगळं. त्याआधी आमच्या घरात टुरिंग टॉकीज होती. वडिलांचा तंबू नांदेडकडच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लागायचा. तंबूत सिनेमा बघून बाहेर पडलेली पोरं काय खेळतात, हे बघतच मी मोठा झालो. त्याचा संबंध पुढे येईल.

कोणता चित्रपट चांगला, कोणता गाजला, हे तुम्हाला माहीत आहेच. अडचण वेगळी आहे. एका डब्यात चार माणसं बसणार: घनसावंगीची आजी, तिची सून, कॉलेजातली नात आणि सात वर्षांचा नातू. चौघांनाही अंधारात, आवाजात, हलत्या डब्यातून जे दिसेल ते क्षणात ओळखू यायला हवं, आणि हे पुढची आठ-दहा वर्षं रोज घडायला हवं. ह्या चाळणीतून कोणते सिनेमे खाली उतरतात, ते बघायचं.

जरा हिशेब मांडू. अशा राइडचा डबा साधारण सेकंदाला अर्धा मीटर जातो. तुमचा एक सीन सहा मीटर रुंद धरला तर तो डब्यासमोर बारा सेकंद राहतो. 120 मीटरच्या रुळावर चार मिनिटांची फेरी होते. दर वीस सेकंदांनी चार जणांचा डबा सोडला तर रुळावर एका वेळी बारा डबे फिरतात आणि तासाला 720 माणसं होतात. प्रत्यक्षात डबे पूर्ण भरत नाहीत, म्हणून पाचशे धरून चाला. गर्दी वाढली म्हणून डबे जोरात पळवायचा मोह होतो. डबा दुप्पट वेगाने नेला की सीनला सहाच सेकंद मिळतात आणि माणूस बाहेर येऊन विचारतो, आत काय होतं? म्हणून बारा सेकंद हा आकडा मी हट्टाने धरून ठेवतो. बारा सेकंदांत गोष्ट सांगता येत नाही. संवाद ऐकू येत नाही, कारण मागचा डबा किंचाळत असतो. शिवाय आपल्याकडे एका रांगेत मराठी, दखनी, हिंदी, नांदेडकडची तेलुगू, सगळं बोलणारे उभे असतात. संवादावर उभा केलेला सीन निम्म्या लोकांना कळतच नाही.

हे मला एका प्रसंगाने शिकवलं. लातूरला एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सीनची चाचणी घेत होतो. काळं कापड, एक खुर्ची आणि समोर एका गाजलेल्या सिनेमातल्या नायिकेचा फायबरचा पुतळा. लाल साडी, पायापासून वर येणारा पिवळा उजेड, चेहरा कारागिराने महिनाभर घासून केलेला. शेजारच्या वस्तीतली माणसं एकेक करून बसवायची, पडदा बारा सेकंद उघडायचा आणि विचारायचं, काय पाहिलं? एक म्हातारी बसली. पडदा उघडला तशी तिने पदर डोक्यावर घेतला आणि पुतळ्याला हात जोडले. म्हणाली, "कुठली देवी हाय बाबा? तुळजापूरची दिसंना." त्या दिवशी तीस माणसांत नायिकेचं नाव सांगणारी चार निघाली. पुतळा उत्तम होता, कारागिराची काही चूक नव्हती. पण माणसाचा चेहरा फायबरमध्ये कितीही जमला तरी तो त्या नटीचा होत नाही. अंधारात आणि रंगीत दिव्यात तर नाहीच. लाल साडी आणि खालून येणारा उजेड म्हटलं की आपल्या डोळ्यांना देवीच दिसते, आणि त्यात म्हातारीचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तेव्हापासून मी सिनेमा निवडताना एकच गोष्ट शोधतो. त्या सिनेमात एखादी जागा आहे का? पात्रं काढून टाकली, गाणी काढून टाकली, तरी उरेल अशी जागा, जिच्यात आपण शिरावं असं बघणाऱ्याला वाटलं होतं. राइड म्हणजे माणसाला उचलून त्या जागेत नेणं. जागा नसेल तर नेणार कुठे?

जगातली उदाहरणं बघा. फ्लोरिडात डिस्नेच्या पार्कात 'अवतार'च्या पँडोराची नगरी मे 2017 मध्ये उघडली. चित्रपट 2009 चा. त्यातल्या नायकाचं नाव विचारलं तर निम्मे लोक अडखळतील, पण अधांतरी तरंगणारे डोंगर आणि रात्री उजळणारं जंगल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. लोक तिथे जातात ते त्या डोंगरांखाली उभं राहायला. उलट बाजूचं उदाहरण 'वॉटरवर्ल्ड'चं. 1995 चा हा सिनेमा, त्या काळी प्रचंड खर्च झालेला आणि अपेक्षेएवढा न चाललेला. पण त्याच वर्षी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत त्यावर स्टंट शो सुरू झाला, आणि सिनेमा विसरला गेल्यावरही तो शो कित्येक वर्षं गर्दी खेचत राहिला. कारण त्यात पाण्यावर तरंगणारं गंजलेलं गाव आहे. ती जागा शो बघायला आलेल्याला सिनेमा न बघताही कळते. तिकीटबारीवरचं यश आणि राइडचं यश ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या व्यवसायात जितक्या लवकर कळेल तितके पैसे वाचतात.

आता आधुनिक किती आधुनिक, ह्याबद्दल. तुम्हाला नव्यातले नवे हवे आहेत हे समजतं, पण इथे घाई करू नका. राइडची जुळवाजुळव, हक्क, बांधकाम, चाचणी ह्यात दीड-दोन वर्षं सहज जातात. एका पार्कसाठी आम्ही त्या दिवाळीचा सगळ्यात मोठा हिट घेऊन सीन केला. मालकांचा आग्रह होता, आम्हीही मान डोलावली. शेड उघडेपर्यंत दुसरी दिवाळी होऊन गेली, सिनेमा टीव्हीवर तीन वेळा लागून शिळा झाला आणि पोरं तिसऱ्याच सिनेमाची गाणी म्हणत होती. पुढच्या वर्षी त्याच पुतळ्यांना दुसरे कपडे चढवावे लागले.

फ्लोरिडातल्याच डिस्नेच्या स्टुडिओ पार्कात 'द ग्रेट मूव्ही राइड' नावाची सिनेमांवरची राइड होती. 1 मे 1989 ला सुरू झाली, 13 ऑगस्ट 2017 ला बंद झाली. फेरी सुमारे 22 मिनिटांची. तिच्यातला 'एलियन'चा सीन 1979 च्या सिनेमावर होता आणि 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' ह्या साहसपटाचा सीन 1981 च्या. म्हणजे सुरुवातीच्या दिवशी त्यांच्याकडचे नव्यातले नवे मोठे सीनसुद्धा आठ-दहा वर्षं मुरलेले होते. आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकात 2013 मध्ये 'मिस्टर इंडिया'वर राइड आली. सिनेमा 1987 चा, म्हणजे 26 वर्षांचा. माझा अंदाज असा की सिनेमाला आठ-दहा वर्षं झाली की पहिल्यांदा बघणारी पोरं आईबाप होण्याच्या वयात येतात आणि आपल्या मुलांना तो मोबाइलवर दाखवायला लागतात. तिथून तो पुढच्या पिढीत जातो. जो जात नाही, तो कळून येतो.

पण ह्याच अमेरिकन राइडकडून दुसरी गोष्टही शिकण्यासारखी आहे. तिचे मोठे सीन वर्षानुवर्षं तेच राहिले, आणि 1939 किंवा 1942 च्या सिनेमातला प्रसंग कोणता हे नव्या पोरांना कळेनासं झालं. शेवटच्या पडद्यावरची चित्रपटांची झलक मात्र ते मधूनमधून नवी करत. तुम्ही हे पहिल्या दिवसापासून ठरवून करा. मुरलेले सिनेमे फायबरमध्ये आणि सिमेंटमध्ये, ताजे सिनेमे शेवटच्या पडद्यावर. पडदा वर्षाला बदलता येतो, भिंत बदलता येत नाही.

आता तुमच्या यादीकडे येतो.

बाईपण भारी देवा हा राइडचा सिनेमा नाही, मंचाचा आहे. 2023 मध्ये बायका गटागटाने, नटूनथटून तो बघायला गेल्या, कारण त्यात बहिणींची बोलणी आहेत, मंगळागौर आहे. त्याचा जीव माणसांच्या बोलण्यात आहे आणि ते बारा सेकंदांत डब्यातून ऐकू येणार नाही. तुमच्या पार्कात एक उघडा मंच ठेवा, श्रावणात जालना-अंबड भागातल्या बायकांच्या मंगळागौरीच्या स्पर्धा घ्या. मंगळागौर कुणाच्या मालकीची नाही आणि ती तुम्हाला राइडपेक्षा जास्त गर्दी देईल.

बाहुबलीत जागा आहे, अफाट आहे. पण तिचा सेट हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत लोक प्रत्यक्ष बघून आलेत. नांदेडच्या माणसाला तर हैदराबाद संभाजीनगराएवढंच जवळ वाटतं. सोळाशे एकरांवर पसरलेल्या फिल्म सिटीतलं माहिष्मती बघून आलेल्याला तुमच्या शेडमधलं सहा मीटरचं माहिष्मती दाखवाल, तर तो तुलना करणारच. हक्कांची किंमत वेगळीच. सोडून द्या.

सैराटबद्दल मला जरा थांबून बोलायचंय. तुम्ही तो यादीत पहिला लिहिलात, आणि का लिहिलात तेही कळतं. 2016 ला आपल्या गावागावात जे झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, ट्रॅक्टर भरभरून माणसं तालुक्याला गेली. झिंगाट लागलं की लग्नाच्या मांडवातलं म्हातारंसुद्धा उठतं. त्यात जागाही आहे, पायऱ्यांची विहीर, केळीची बाग. तरी मी तो घेऊ नका म्हणेन. त्या सिनेमाचा शेवट आठवा. आवाज पूर्ण बंद, आणि लहान लेकराची रक्ताने माखलेली पावलं. तो शेवट मराठवाड्याच्या अनेक घरांना खराखुरा लागतो. तुमच्या रांगेत असं एखादं घर उभं असेल ज्यांनी हे भोगलंय. शेवट ठेवला तर ती करमणूक होत नाही, आणि शेवट कापून फक्त नाच ठेवला तर त्या सिनेमाने जे सांगितलं ते आपण पुसून टाकतो. मला दोन्ही करवत नाही. ह्यावर माझ्याशी न पटणारे मित्र आहेत, ते म्हणतात लोकांना आनंद हवा तर द्या. तुमचं पार्क, तुमचा निर्णय. पण विहीर हवीच असेल तर आपल्या भागात बारवा आहेत. परभणी जिल्ह्यात वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव एकदा जाऊन बघा, वरून खाली बघताना पोटात गोळा येतो. बारवेत गोल गोल उतरणारा डबा, भिंतीवर पाण्याच्या उजेडाची थरथर, तळाशी पारव्यांचा फडफडाट. हा सीन कुठल्याही सिनेमाचं नाव न लावता उभा राहतो.

पावनखिंड उत्तम निवड आहे, त्यात जागाच नायक आहे. अरुंद घोडखिंड, रात्र, पाऊस, मशाली, धावणारी पालखी. डबा दोन बाजूंच्या कातळांमधून असा न्यायचा की हात बाहेर काढला तर लागेल असं वाटावं, आणि अर्थात लागू द्यायचा नाही. शेवटी लांबून विशाळगडाच्या तोफांचे आवाज. तो आवाज आला की आपल्याकडचं सात वर्षांचं पोरही सांगतं, महाराज गडावर पोचले. संवादाची गरजच नाही. दोन पथ्यं पाळा. महाराजांचा हलता पुतळा आत ठेवू नका. लोक किंचाळत, पॉपकॉर्न खात जाणार आहेत, तिथे तो शोभत नाही. पालखीचे पडदे बंद राहू द्या, तेवढं पुरतं. दुसरं, बाजीप्रभूंना लागलेले घाव दाखवण्याच्या भरीला पडू नका.

इथे पैशाचीही एक मोठी गोष्ट आहे. 13 जुलै 1660 ला खिंडीत जे घडलं तो इतिहास आहे, त्याच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. 2022 च्या चित्रपटाचे संवाद, संगीत, वेशभूषेची आखणी, पोस्टर, हे त्यांचं. तुम्ही चित्रपटाचं नाव आणि त्यातलं काहीही न वापरता स्वतःच्या अभ्यासावर खिंड उभी केलीत तर निर्मात्याचा परवाना लागत नाही. चित्रपटाचं नाव लावायचं असेल तर निर्मात्याशी करार हवा. पहिल्या वर्षी नावाशिवाय करा, राइड चालली की मग बोलणी करा, असं मी सुचवेन. तेव्हा तुमच्या हातात दाखवायला काहीतरी असेल.

आणि तुंबाड. ह्याच्यासाठी मी भांडेन. हिंदी सिनेमा आहे, गोष्ट कोकणातली, पण सिनेमाभर कोसळणारा जो पाऊस आहे तो तुमच्या राइडचा हुकमी एक्का आहे. मे महिन्यात बाहेर 42 डिग्री आहे, गावात टँकर आठ दिवसांनी येतोय, आणि माणूस एका दारातून आत शिरतो तर अंधारा वाडा, पन्हाळीतून पडणारं पाणी, ओल्या मातीचा वास, अंगावर गार वारा. त्याला चित्रपट माहीत असो नसो, तो त्या डब्यातून उतरायला तयार होणार नाही. मुंबई-पुण्याच्या माणसाला पावसाचं हे अप्रूप नाही, आपल्याला आहे. 2018 ला आला तेव्हा हा सिनेमा फारसा चालला नव्हता, 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. मुरणं म्हणतो ते हेच. त्यातलं भयंकर मात्र सगळं वगळा, तो लहान मुलांना दाखवायचा सिनेमा नाही. वाडा, पाऊस आणि अंधारात चमकणारी एक सोन्याची मोहर, एवढंच ठेवा.

पाऊस म्हणजे खरं पाणी ओतायचं नाही, हे आत्ताच सांगतो. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. पाण्यावरची मोठी राइड आपल्या भागात दुष्काळाच्या वर्षी बंद ठेवावी लागते, आणि लोकांच्या डोळ्यांवरही येते. आमची पद्धत अशी: पन्हाळीची एकच खरी धार, तेच पाणी पंपाने पुन्हा वर, दोन-अडीच हजार लिटरच्या टाकीवर महिना काढतो. बाकी पाऊस म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्यांवर बाजूने मारलेला उजेड, पत्र्यावर पडणाऱ्या सरींचा आवाज आणि पंखा. वासासाठी कोरड्या मातीच्या ढेकळांचा ट्रे ठेवतो आणि दर तासाला त्यावर तांब्याभर पाणी शिंपडतो. बाजारातल्या अत्तरापेक्षा तो वास खरा येतो. माणूस आधी वासाने पावसात जातो, मग डोळ्यांनी.

तुमच्या यादीबाहेरची एक शिफारस करतो, जरी ती 2010 च्या आधीची असली तरी. झपाटलेला. मूळ सिनेमा 1993 चा, दुसरा भाग 2013 ला थ्रीडीत आला. तात्या विंचू आजीला, सुनेला, नातीला आणि नातवाला, चौघांनाही माहीत आहे. पण माझं कारण कारागिरीचं आहे. बाकी सगळ्या सिनेमांत माणसाचा पुतळा करायचा तर तो खोटा दिसतो, कारण माणूस हलतो कसा हे आपल्याला जन्मापासून माहीत असतं. तात्या विंचू मुळातच बाहुला आहे, रामदास पाध्ये यांनी घडवलेला. बाहुल्याने मान झटक्यात वळवली, जबडा टकटक वाजवला, तर तो तसाच हलायला हवा. हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या पुतळ्याचा जो दोष, तो इथे गुण होतो. परवानगी रीतसर घ्यावीच लागेल, त्याला पळवाट शोधू नका.

परवानगीचं थोडक्यात सांगतो, पण करार करताना कॉपीराइटचं काम करणारा वकील घ्या. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो, म्हणजे तुम्हाला हवा तो प्रत्येक आधुनिक सिनेमा त्यात आला. दारं चार असतात. चित्रपट आणि पात्रं बहुधा निर्मात्याकडे, गाण्याचं ध्वनिमुद्रण म्युझिक कंपनीकडे, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क 2012 च्या दुरुस्तीनंतर वेगळा, आणि नटाचा चेहरा-आवाज त्याचा स्वतःचा. 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांच्या बाजूने आदेश दिला तेव्हा चेहऱ्यासोबत त्यांच्या 'झकास'लाही संरक्षण दिलं होतं. निर्मात्याने हो म्हटलं म्हणजे नटाचा पुतळा करायची मुभा मिळाली असं धरू नका. जुन्या सिनेमांचे हक्क दोन-तीनदा विकलेले असतात, तेव्हा साखळीतला प्रत्येक कागद मागा. मुदत दहा वर्षांच्या खाली घेऊ नका, आणि सीन दुरुस्त करण्याचा, बदलण्याचा हक्क लिहून घ्या. जागा निवडा म्हणतो त्यात हाही फायदा आहे, चौथं दार ठोठवावंच लागत नाही.

इथवर आलो तर तुमची फेरी साधारण अशी दिसते. सुरुवातीला टुरिंग टॉकीजचा तंबू, आत 1913 चा दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र, जो आता कुणाच्याही कॉपीराइटमध्ये नाही. मग बारव. मग घोडखिंड. मग पावसाचा वाडा. मग बाहुला. आणि शेवटी पडदा, त्यावर ह्या वर्षीचे सिनेमे. चार मिनिटांत एवढंच बसतं. यादीतले पाचही सिनेमे घालायचा प्रयत्न केलात तर एकही नीट दिसणार नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुमच्या तुम्हालाच बघाव्या लागतील. तुमच्याकडे शाळांच्या सहली जास्त येणार असतील तर बाहुला आणि अंधार सौम्य ठेवा. महामार्गावरून उतरणारी कुटुंबं जास्त असतील तर रांग लहान आणि दारं रुंद हवीत, म्हातारी माणसं असतात. जमीन काळी असेल, आणि जालन्याकडे बहुधा असेलच, तर रुळांचा पाया सगळ्यात आधी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रूळ बोटभर वरखाली झाला की डबा अडखळतो, आणि मग तोफेचा आवाज खिंड संपल्यावर येतो. प्रोजेक्टर शक्यतो शेवटच्या पडद्याला एकच ठेवा, आपली धूळ त्याच्या फिल्टरात आठवड्यात बसते.

थर्माकोलचे सीन स्वस्त पडतात म्हणून कुणी सुचवेल. घेऊ नका. 25 मे 2024 ला राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागली, त्यात लहान मुलांसह पंचवीसहून जास्त माणसं गेली. बंद शेड, अंधार, एकच वाट आणि पेटणारं सामान हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट स्वप्न आहे. मशालींना रेशमी कापड, छोटा पंखा आणि एलईडी लावा. खऱ्या ज्योतीची काडीही आत नको. रुळाच्या कडेने माणूस चालू शकेल अशी वाट, दर सीनला बाहेर जायचं दार, वीज गेली तरी पेटणारे दिवे, आणि एका बटणावर सगळा उजेड लागायला हवा. हे सिनेमा निवडण्याच्या आधी नकाशावर आखा. सीन उरलेल्या जागेत बसवायचे.

आता तंबूबाहेरच्या पोरांकडे येतो. माळेगावला सिनेमा सुटला की आम्ही पोरं तंबूमागच्या मोकळ्या जागेत तो खेळायचो. गाणी कुणी म्हणायचं नाही, संवाद एखादाच. खेळायचो ती जागा. बैलगाड्यांच्या मधली फट म्हणजे खिंड, ट्रकचा हौदा म्हणजे किल्ला. ज्या सिनेमात अशी जागा नसे, तो कितीही चालला तरी दुसऱ्या दिवशी कुणी खेळत नसे. वडील दाराशी बसून हे बघायचे आणि त्यावरून कोणतं रीळ आणखी दोन दिवस ठेवायचं ते ठरवायचे. तुम्हीही तेच करा. डिसेंबर-जानेवारीत माळेगावची यात्रा भरते. एक छोटा तंबू घ्या, काळं कापड, एक खुर्ची, आणि पाचही सीन पुठ्ठ्याचे करून न्या, रंग आणि आवाजासकट. बारा सेकंद दाखवा, काय पाहिलं ते विचारा, उत्तरं वहीत लिहा, वयासकट. दोनशे माणसं झाली की मला कळवा. मातीच्या चाचणीचा कागद तोवर आला असेल तर तोही सोबत पाठवा, मग रुळांची आखणी बसून करू.